दहावीला मंत्रिमंडळातून काढू नका, आणि आमची वही पोरांना परत द्या

आदरणीय मुख्याध्यापक सर आणि संस्थेच्या संचालक मंडळातले सगळे,

नमस्कार. २०२४-२५ ला शाळेच्या मंत्रिमंडळात मी मुख्यमंत्री होते. आता दहावी पास होऊन दाखला हातात आलाय आणि अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनच्या मागे आहे. हे पत्र मी लिहितेय पण यातलं प्रत्येक वाक्य आम्ही अकराही मंत्र्यांनी काल रविवारी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून वाचलंय, दोघांनी दोन ठिकाणी खोडाखोड करायला लावली ती पण केलीये. शाळेचं नाव मुद्दाम टाकलं नाही. सातारा जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावातली, अनुदानित शाळा, एवढं पुरे आहे, कारण आम्हाला शाळेची बदनामी करायची नाहीये, आम्हाला आमची शाळा आवडते आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

१६ जूनला शाळा सुरू झाली. दोन दिवसांनी माझा भाऊ, तो यंदा आठवीत गेलाय, दप्तर टाकता टाकता म्हणाला, "ताई, यंदा इलेक्शन नाय." मला वाटलं काहीतरी ऐकून आला असेल. मग संध्याकाळी आईच्या फोनवर पालकांच्या ग्रुपमध्ये सूचनेचा फोटो आला. दहावीच्या विद्यार्थ्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून यापुढे मंत्रिमंडळात दहावीचं कुणी राहणार नाही, निवडणूक होणार नाही, आणि मंत्री मागच्या वर्षीच्या गुणानुक्रमे शाळाच नेमेल. खाली सही, शिक्का. ग्रुपवर लगेच वीस-पंचवीस अंगठे आले.

आम्ही भेटायला आलो होतो सर, दोनदा. एकदा मीटिंग चालू होती. दुसऱ्यांदा ऑफिसातून निरोप आला की तुम्ही आता माजी विद्यार्थी, तुमचा यात काही संबंध येत नाही. संबंध कसा येत नाही? ज्या वर्षाबद्दल तुम्ही लिहिलंय की वेळ वाया गेला, ते वर्ष आमचं होतं. ते कसं गेलं हे आम्हाला एकदा तरी विचारायचं होतं. नाही विचारलं, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगतोय.

आधी वेळेचंच बोलू. आमच्या वर्षी बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, त्याच्या आदल्या वर्षी ती १ मार्चला होती, म्हणजे आम्हाला आठवडाभर कमीच मिळाला. जादा तास, सराव परीक्षा, त्यात जानेवारीत स्नेहसंमेलन, आणि खरं सांगते जानेवारीत आमची फार ओढाताण झाली. मी एक दिवस पडद्यामागं उभी राहून बीजगणिताची सूत्रं म्हणत होते आणि पुढं चौथा डान्स चालू होता. पण सर हेच होणार म्हणून आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेखी दिलं होतं की नाताळपासून कामं नववीच्या उपमंत्र्यांकडे द्या, आम्ही फक्त मागं उभे राहतो. त्या कागदाचं पुढं काय झालं ते आम्हाला आजपर्यंत कळलं नाही. दुखणं जानेवारीचं होतं, त्यासाठी जूनपासूनचं सगळंच काढून टाकायची काय गरज?

आणि वेळ वाया जातो हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही जेव्हा नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. शिक्षकांना ट्रेनिंगला जावं लागायचं, मग पाचवी-सहावीचे वर्ग कुणी सांभाळले? आम्ही. पाढे घेतले, प्रकट वाचन घेतलं, एका पोराला ताप भरला तर त्याच्या घरी फोन करून आई येईपर्यंत त्याच्याजवळ बसलो. २० नोव्हेंबरच्या मतदानासाठी आपली शाळा केंद्र होती, त्याआधी बाकं उचलून हॉलमध्ये लावली ती दहावीच्या पोरांनीच. आम्ही तक्रार करत नाहीये, आनंदानं केलं. पण गरज लागली की दहावी मोठी, आणि मत मांडायचं म्हटलं की दहावीनं अभ्यास करावा, असं दोन्हीकडून कसं चालेल.

रिझल्ट १३ मेला लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. मंत्रिमंडळातले आम्ही अकरा होतो, अकराही पास. मला ८८.४० पडले, माझ्या पुढं दोघं आहेत, मागं आठ. मंत्रिपदामुळं कुणाचं वर्ष गेलं असं एक नाव दाखवा, आम्ही हे पत्र मागं घेऊ.

दुसरी गोष्ट गुणानुक्रमाची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली.

आमच्या पाणीमंत्र्याला दहावीला ५८.६० टक्के पडले. नववीत त्याला याहून कमी होते. तुमच्या नव्या नियमानं तो कधीच मंत्री झाला नसता. त्याचे वडील प्लंबिंगची कामं करतात. शाळेत पाण्याच्या टाकीला नऊ नळ आहेत, तुम्हाला आठवत असेल की गेल्या वर्षी जूनमध्ये त्यातले चार चालू होते आणि त्यातला एक चोवीस तास गळायचा, खाली शेवाळ साठलेलं, पाचवीतली दोन पोरं घसरून पडली होती. हा पोरगा निवडून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी घरनं पान्हा, वायसरची पुडी आणि टेफ्लॉन टेप घेऊन आला. परिपाठाच्या आधी अर्धा तास यायचा. मी त्याच्याजवळ उभी राहून बघितलंय, नळाचं मुंडकं खोलायचा, जुना वायसर काढून हातावर ठेवायचा, तो पार चपटा होऊन चिरलेला असायचा, मग नवा बसवून आट्यांवर टेप गुंडाळायचा आणि नळ बंद करून खाली तळहात धरायचा. थेंब पडतो का बघत तसाच उभा. पंधरवड्यात सात नळ चालू झाले. उरलेल्या दोन नळांना पाईपच बदलायला लागणार होता, तो खर्च शाळेचा, त्याची नोंद मंत्रिमंडळाच्या बैठकांच्या वहीत आहे. शेवाळ घासायला त्यानं नववीच्या चौघांना बरोबर घेतलं. मग मधल्या सुट्टीत रांग लावून दिली, आधी पाचवी-सहावी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, बारक्यांना ढकलतात गं, ती न पिताच वर्गात जातात.

तो आता आयटीआयचा फॉर्म भरतोय. निरोप समारंभात त्याचं नाव स्टेजवरून घेतलं गेलं नाही. हे लिहायला त्यानं मला नको म्हटलं होतं, बाकीच्या नऊ जणांनी लिही म्हटलं.

ज्याला जास्त मार्क तो चांगला मंत्री, असं कुठं असतं? पहिल्या नंबराची मुलं वाईट असतात असं मी म्हणत नाही, आमची सांस्कृतिक मंत्री वर्गात पहिलीच होती आणि तिनं स्नेहसंमेलन एकहाती ओढून नेलं. पण तिला पण पोरांनी निवडून दिलं होतं. पोरांना बरोबर कळतं कुणाकडे गेलं तर काम होतं.

आणि निवडणूक म्हणजे नुसता गोंधळ, असं एका संचालक काकांनी पालकांच्या बैठकीत म्हटल्याचं कळलं. काका, तुम्ही त्या दिवशी शाळेत असता तर बरं झालं असतं. कॉम्प्युटरच्या सरांनी मोबाईलवर मतदानाचं ॲप लावलं होतं, माझं चिन्ह छत्री, बाकीच्यांचं घंटा, पेन्सिल, फुगा. नववीची मुलं मतदान अधिकारी, यादीत नाव बघून बोटाला शाई लावायची. पाचवीतली एक मुलगी मत देऊन बाहेर आली आणि दुपारी हात धुताना तिनं ते बोट वर धरलं, शाई जाऊ नये म्हणून. मी चौदा मतांनी निवडून आले. जो हरला त्याला मी त्याच दिवशी जाऊन म्हटलं की शिस्तमंत्री तूच हो, मला तुझ्याशिवाय जमणार नाही, आणि खरंच जमलं नसतं. दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' असा अख्खा धडा आहे, बाईंनी तो शिकवताना आमचीच उदाहरणं दिली, यादी कशी केली, आचारसंहिता काय होती, हरकत कुणी घेतली होती. तो धडा मला बोर्डाच्या पेपरात आठवावा लागला नाही. यंदाच्या दहावीला तो धडा असणार आहे पण मत द्यायला मिळणार नाही.

आता तक्रारपेटी. हे लिहिताना मी खूप विचार केलाय.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण झालं, शाळेतल्या एवढ्या लहान मुलींवर अत्याचार, आमच्या घरी आईनं टीव्ही बंद केला होता. त्यानंतर २१ ऑगस्टला सरकारचा निर्णय आला, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती. आपल्या शाळेत पेटी आली पण ती लावली कुठं, तर तुमच्या केबिनच्या दाराशेजारी. समोर बाकावर कायम कुणीतरी बसलेलं. महिनाभर पेटीत एक चिठ्ठी पडली नाही. शाळेत काही तक्रारच नाही असं मानलं गेलं. आम्ही मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरवून बाईंना विनंती केली, आणि बाईंचे आभार की त्यांनी ती पेटी मुलींच्या जिन्याखाली हलवून घेतली, जिथून कुणालाच कळत नाही की कोण थांबलं होतं. पहिल्या आठवड्यात सहा चिठ्ठ्या निघाल्या.

त्यातली एक पेन्सिलनं लिहिलेली होती, चौकटीच्या वहीचं पान, चार घड्या. 'मला एसटीत मागं बसायची भीती वाटते.' बस. नाव नाही, वर्ग नाही. पेटी बाईंनीच उघडली होती, पण बाई म्हणाल्या मी वर्गात जाऊन विचारलं तर ती कधीच बोलणार नाही. मग आम्ही तिघी जणी त्या रूटच्या मुलींबरोबर तीन दिवस बसनं गेलो. शोधून काढायचं म्हणून नाही, नुसतं बरोबर. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं सांगितलं. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. आम्ही बाईंना सांगितलं, बाईंनी घरच्यांना, पुढचं मोठ्या माणसांनी केलं आणि नीट केलं. तेव्हापासून त्या रूटला लहान मुली पुढच्या चार सीटवर आणि नववी-दहावीची एक मुलगी त्यांच्याबरोबर, असं आम्ही लावून दिलं, ते मार्चपर्यंत चाललं.

आता ते कोण बघतंय? मी भावाला विचारलं, तो म्हणाला कुणी नाही.

सर, ती मुलगी शिक्षकांना बोलली नाही, घरी बोलली नाही, दहावीच्या ताईला बोलली. दहावी मंत्रिमंडळात असायला पाहिजे ती याच्यासाठी. नववीच्या मुली पण चांगल्या आहेत पण आम्ही नववीत असताना आमचीच शिक्षकांसमोर बोलायची हिंमत नव्हती. दहावीत ती येते. का येते मला नीट सांगता येत नाही, बहुतेक आपण आता इथून जाणार हे माहीत असतं म्हणून येत असेल.

एसटीवरून आठवलं, तो दुसरा विषय पण राहिलाच. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, मुलांना एक तृतीयांश भाडं, आणि २०२४ पासून पास शाळेतच मिळायला लागले, त्याच्या याद्या आम्ही वर्गावर्गात फिरून केल्या. पण पास असून गाडी मिळाली पाहिजे ना. शाळा पाचला सुटते, गाडी पाच दहाला, स्टँड चालत पंधरा मिनिटं. चुकली की पुढची साडेसहाला. आम्ही डेपोला द्यायचा अर्ज ऑगस्टमध्ये लिहिला, फक्त पंधरा मिनिटं गाडी उशिरा सोडा एवढंच, त्याला मुख्याध्यापकांची सही लागत होती. तो अर्ज नोव्हेंबरपर्यंत टेबलावर राहिला. आज नाही उद्या, साहेब बाहेरगावी, शिक्का सापडत नाही, अशी टोलवाटोलवी. दिवाळीनंतर सही झाली आणि डेपोनं आठवड्याच्या आत वेळ बदलली. आठवड्याच्या आत सर! तीन महिने पोरं अंधारात घरी गेली ती एका सहीसाठी.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह पाहिजे असं आहे आणि आपल्या शाळेत ते आहे. त्याला आतून कडी नव्हती. एक आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी. वहीत याची नोंद पाच वेळा आहे, पहिली जुलैची, शेवटची ऑगस्ट अखेरची, आणि शेवटच्या नोंदीपुढं 'बसवली' असं लिहिलंय.

कुणी म्हणेल एवढ्याशा पोरांचं काय ऐकायचं. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्कांचा करार आहे, भारतानं तो १९९२ ला मान्य केला, त्याच्या १२ व्या कलमात आहे की मुलांशी संबंधित गोष्टीत मुलांना मत मांडता आलं पाहिजे आणि वयाप्रमाणं त्या मताला वजन दिलं पाहिजे. आणि निर्णय एकदा काढला की मागं घेता येत नाही असं पण नसतं. या जानेवारीत बोर्डानं हॉलतिकिटावर जातीचा प्रवर्ग छापला होता, पालक-शिक्षक सगळ्यांनी आक्षेप घेतला, आणि बोर्डानं थोड्याच दिवसांत ते मागं घेऊन नवीन हॉलतिकिटं दिली. अख्ख्या राज्याचं बोर्ड मागं घेऊ शकतं तर आपल्या शाळेची एक सूचना मागं घेता येईल. यात कुणाचा कमीपणा आम्ही मानणार नाही.

आता वहीचं. दोनशे पानी लाँग बुक, तपकिरी कव्हर, कोपरे सेलोटेपनं चिकटवलेले. मंत्रिमंडळाची प्रत्येक बैठक, कोण हजर, काय ठरलं, काय झालं, काय नाही झालं. आमच्या आधीच्या बॅचनं सुरू केलेली, पहिली चाळीस पानं त्यांची. निरोप समारंभात ती नववीच्या हातात द्यायची असं आम्ही ठरवलं होतं, कार्यक्रम पत्रिकेत पण लिहिलं होतं. ऐनवेळी पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि आम्हाला सांगितलं की वही ऑफिसात ठेवून द्या, नंतर बघू. आता शिपाई मामा म्हणतात ती कपाटात आहे, जुन्या हजेरीपटांच्या खाली.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

सूचना मागं घ्या आणि जुलैमध्ये निवडणूक घ्या, पाचवी ते दहावी सगळ्यांना मत.

दहावीला मंत्रिमंडळात ठेवा, पण प्रत्येक खात्याला नववीचा उपमंत्री द्या आणि १ जानेवारीला कारभार त्यांच्याकडे द्या, म्हणजे अभ्यासाचा प्रश्न मिटतो. स्नेहसंमेलन जमलं तर डिसेंबरच्या सुरुवातीला घ्या.

उभं राहायला मार्कांची अट नको.

मंत्रिमंडळानं लेखी काही दिलं तर पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण लिहून द्या.

तक्रारपेटी आहे तिथंच राहू दे, आणि बसमध्ये लहान मुलींबरोबर कोण जाणार हे याच आठवड्यात ठरवा. याला निवडणुकीची वाट बघू नका.

वही कपाटातून काढा आणि यंदाच्या पोरांना द्या. त्यात दोन नळांचा पाईप अजून बाकी आहे.

आम्ही शनिवारी, ५ जुलैला, सकाळची शाळा सुटली की गेटजवळ थांबतोय. अकराही जण. घोषणा नाही, बॅनर नाही, नुसतं बोलायचंय. तुम्ही आत बोलावलंत तर आत येऊ, नाहीतर गेटवर बोलू. पाणीमंत्री पान्हा घेऊन येणार आहे, पाईप आणून दिला तर ते दोन नळ त्याच दिवशी बसवून देतो म्हणालाय.

आपली विद्यार्थिनी,
आणि २०२४-२५ च्या मंत्रिमंडळातले बाकीचे दहा जण

३० जून २०२५